आईच्या हातातील कार्ड



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्यासारखा चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला तर श्रोते फार तर संप आणि मोर्चे यांची अपेक्षा करतात. आज आम्ही मात्र एका कार्डाचा इतिहास सांगणार आहोत. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात हे कार्ड बहुधा असते. कोणाच्या कपाटात, कोणाच्या पत्र्याच्या पेटीत, तर कोणाच्या देवघराच्या फळीवर. सरकारी भाषेत त्याचे नाव 'माता-बाल संरक्षण कार्ड'. त्यात लसींच्या तारखा असतात आणि आतल्या पानावर चढत जाणाऱ्या रेषांचा एक आलेख असतो. दर महिन्याला मुलाचे वजन करून त्या आलेखावर एक ठिपका द्यावा आणि ठिपके जोडून रेघ ओढावी, एवढीच अपेक्षा. हा आलेख आईच्या हाती देण्याची कल्पना मोठ्या विद्यापीठात जन्मली नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात, इलेशा नावाच्या गावी, एका मिशन इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात १९५६ ते १९६१ या काळात ती रुजली. त्या पाच वर्षांची ही हकीकत आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीनंतर सुटली आणि पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या दोन कपाटांनी केले. आयुष्याची तीस वर्षे विडी वळणाऱ्या बायकांची संघटना बांधण्यात गेली. मग आम्ही या विषयाकडे का वळलो? विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. त्या कायद्याच्या आधाराने घरी विड्या वळणाऱ्या बाईला लॉगबुक मिळू लागले. किती पान दिले, किती तंबाखू दिला, किती विड्या घेतल्या, याची नोंद त्यात व्हायची. एका ठिकाणी मालकाच्या माणसांनी ही लॉगबुके बायकांना न देता कारखान्याच्याच कपाटात ठेवली होती. नोंदी रोज होत होत्या, पण ज्यांच्या कष्टांच्या त्या नोंदी, त्यांना त्या दिसत नव्हत्या. छाट म्हणून किती विड्या बाजूला काढल्या यावर वाद झाला की कागद मालकाच्या बाजूने बोलायचा. लॉगबुक बाईच्या पिशवीत यावे यासाठी तिथे जे भांडण करावे लागले, त्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो : नोंद कोणाची आहे यापेक्षा ती कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा. पुढे इलेशाची हकीकत वाचनात आली तेव्हा तिच्यात हाच प्रश्न आम्हांस दिसला. फरक एवढाच, की तेथे विड्यांचा हिशेब नव्हता, मुलांच्या जिवाचा होता.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. इलेशा हे योरुबा लोकांपैकी इजेशा या शाखेचे जुने राजधानीचे शहर. सभोवार जंगल, डोंगर आणि कोकोच्या बागा. येथले कापडाचे फिरते व्यापारी सगळ्या योरुबा मुलखात प्रसिद्ध होते. ते उधारीवर कापड देत आणि वसुलीच्या दिवशी ऋणकोच्या दारात उकिडवे बसत. पैसे मिळाल्याखेरीज उठायचे नाही! त्यांना 'ओशोमालो' म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थच 'पैसे मिळेपर्यंत मी असाच बसून राहणार' असा आहे. धरणे धरणे म्हणजे काय हे आपल्याकडे सांगावे लागत नाही; हे लोक आम्हांला अगदी घरचेच वाटतात. बायकाही घरात बसणाऱ्या नव्हत. शेतातले पीक, ताडाचे तेल, कापड, शिजवलेले अन्न यांचा बाजार त्यांच्याच हाती. मूल पाठीशी बांधायचे आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायचा, हा त्यांचा रोजचा क्रम.

परंतु या कष्टाळू समाजावर एक दुःख पिढ्यान्‌पिढ्या बसलेले होते. मुले जन्मत आणि पाच वर्षांची होण्याआधी जात. योरुबा लोकांनी या दुःखाला एक नाव दिले होते : 'अबिकू'. मरण्यासाठीच जन्मलेले मूल, तेच ते मूल पुन्हा पुन्हा आईच्या पोटी येते आणि पुन्हा निघून जाते, अशी ती समजूत. मग असे मूल जन्मले की त्याला अडवून धरणारे नाव ठेवीत. 'मालोमो' म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. 'दुरोजाये' म्हणजे 'थांब, आयुष्य भोग'. आणि 'कोसोको' म्हणजे 'आता कुदळ उरली नाही', म्हणजे खड्डा खणायलाही घरात काही नाही, तेव्हा बाबा, आता तरी राहा! श्रोतेहो, या नावांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याच आजोबा-पणजोबांत धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे किती होती ते आठवा. आधीची दोन-तीन मुले गेलेली असत, म्हणून या मुलाकडे काळाची नजर जाऊ नये यासाठी आईने त्याला दगडाचे, केराचे नाव दिलेले असे. एका खंडातील आई मुलाला थांबण्याची विनवणी करीत होती आणि दुसऱ्या खंडातील आई त्याला लपवीत होती. दुःख तेच होते.

इलेशाला इस्पितळ आले ते मिशनमुळे. ब्रिटनमधील मेथडिस्ट पंथाच्या तरुण मंडळींची 'वेस्ली गिल्ड' नावाची संघटना होती. तिच्या वर्गणीवर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात येथे वैद्यकीय काम सुरू झाले आणि त्यातून 'वेस्ली गिल्ड हॉस्पिटल' उभे राहिले. मिरजेचे डॉ. वानलेस यांचे इस्पितळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना मिशन इस्पितळ म्हणजे काय हे सांगायला नको. थोड्या पैशांत चालणारे, थोड्या डॉक्टरांवर उभे असलेले आणि पहाटेपासून दारात रांग असलेले. त्या रांगेत निम्म्याहून अधिक ओझे लहान मुलांचेच असे. पाठीवर निपचित पडलेले, डोळे खोल गेलेले, हगवणीने सुकलेले, तापाने फणफणलेले मूल. आई कोसकोस चालून आलेली. डॉक्टरच्या वाट्याला एका मुलामागे जेमतेम दोन-तीन मिनिटे येत. औषध देऊन मूल घरी जाई, आणि महिन्याभराने तेच मूल दुसरा आजार घेऊन परत येई. किंवा येत नसे.

या मुलांच्या आजारामागे उपासमार आहे, हे त्याआधीच एका बाईने दाखवून दिले होते. डॉ. सिसिली विल्यम्स या जमेकात जन्मलेल्या डॉक्टर १९२९ पासून पश्चिम आफ्रिकेतल्याच गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सरकारी नोकरीत होत्या. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली, चेहरा दीनवाणा, अशी मुले त्यांच्याकडे येत. इतर डॉक्टर यास निरनिराळी नावे देत होते. विल्यम्सबाईंनी तेथल्या आयांनाच विचारले, की या आजाराला तुम्ही काय म्हणता? गा भाषेत आयांनी सांगितले : 'क्वाशिओरकोर'. दुसरे मूल आले की आधीच्या मुलाला होणारा आजार. म्हणजे धाकटे आले, मोठ्याचे अंगावरचे दूध तुटले, आणि त्याच्या वाट्याला नुसती पेज आली. आजाराचे कारण आयांच्या शब्दातच होते! विल्यम्सबाईंनी १९३३ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली त्याला आयांनी दिलेले नाव वैद्यकाच्या जगात रूढ केले. आयांना काही कळत नाही असे मानणाऱ्या वैद्यकाला मिळालेला हा पहिला धडा होता.

१९५६ साली इलेशाला डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज डॉक्टर आले. जन्म १९२३ चा, शिक्षण केंब्रिज आणि लंडन येथे झालेले. इंग्लंडमध्ये त्या काळी मुलांसाठी दोन वेगळी दारे असत. आजारी मुलाने इस्पितळात जायचे आणि निरोगी मुलाने बालकल्याण केंद्रात जायचे, तेथे वजन व्हायचे आणि सल्ला मिळायचा. हीच पद्धत साम्राज्याबरोबर वसाहतींतही गेली होती. परिणाम काय झाला? कल्याण केंद्रात गेलेल्या आईला सांगत, तुझे मूल खोकते आहे, ते इस्पितळात ने. इस्पितळात नेले तर औषधाची बाटली मिळे, पण मूल वाढते आहे की नाही हे कोणी पाहत नसे. बाजार बुडवून दोन दिवस दोन दारांत उभी राहणारी आई कोठून आणायची? ज्याने मजुरांत काम केले आहे त्याला हे गणित चटकन कळते. आमच्या विडी वळणाऱ्या बाईला मूल दवाखान्यात न्यायचे म्हणजे हजारभर विड्यांवर पाणी सोडावे लागते. ती निष्काळजी नसते. तिचा दिवस विकलेला असतो.

मॉर्ले यांनी इस्पितळाच्या खुर्चीवर बसून उत्तर शोधले नाही. इलेशाच्या उत्तरेस डोंगराळ भागात इमेसी-इले नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इबादानविरुद्ध एकवटलेल्या योरुबा फौजांची छावणी याच परिसरात होती. अशा या गावात १९५७ च्या सुमारास त्यांनी नोंद सुरू केली. गावात जन्मलेले मूल जन्मापासून पाच वर्षांपर्यंत नियमाने पाहायचे, त्याचे वजन करायचे, काय खाते, कोणता आजार झाला, केव्हा झाला हे लिहून ठेवायचे. मार्गारेट वुडलंड या परिचारिका या कामात त्यांच्या सहकारी होत्या. इस्पितळात फक्त पडलेले मूल दिसते. ते पडण्याआधी कसे घसरत गेले ते गावातच दिसते. मॉर्ले यांच्या साऱ्या कामाचे मूळ या एका निर्णयात आहे, असे आम्हांस वाटते.

गावात काय दिसले? पहिले सहा महिने मूल आईच्या दुधावर छान वाढते. वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होते. मग वाढ मंदावते. आपल्याकडच्या आंबिलीसारखी मका आंबवून केलेली 'ओगी' नावाची पातळ पेज मुलाला देत. पोट भरते, पण अंगी लागत नाही. कारण त्या पेजेत पाणीच फार. अशा अर्धपोटी मुलाला हगवण, हिवताप, डांग्या खोकला यांपैकी एकेक येऊन धक्का देतो. आणि शेवटचा धक्का गोवराचा.

गोवराबद्दल येथे थोडे थांबले पाहिजे. युरोपात तोवर गोवर म्हणजे लहानपणाचा एक त्रास, चार दिवसांत उतरणारा, असा समज झालेला होता. इलेशात मात्र गोवराने मुले मरत होती. तोंडात व्रण पडत, मूल दूध ओढू शकत नसे, हगवण लागे, फुफ्फुसे भरत, आणि जे वाचे त्याचे वजन इतके उतरे की पुढे कित्येक महिने ते भरून निघत नसे. रोग एकच, पण तो भरल्या पोटी येतो की रिकाम्या पोटी, यावर जगणे-मरणे ठरते, हे मॉर्ले यांनी आग्रहाने मांडले. अमेरिकेत बोस्टन येथे जॉन एंडर्स आणि त्यांचे सहकारी गोवरावर लस तयार करीत होते. मॉर्ले यांनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि १९६० साली त्या गटातले सॅम्युएल कॅट्झ लस घेऊन नायजेरियात आले. १९६३ साली अमेरिकेत या लसीला परवाना मिळाला. भारतात ती १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून गावोगाव जाऊ लागली. आपल्याकडे गोवर म्हणजे देवीचा फेरा, औषध द्यायचे नाही, अशी समजूत होती. ती आता पुष्कळ मावळली आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि भिवंडी, मालेगावात गोवर पसरला आणि मुले दगावली. ज्या वस्त्यांत तो पसरला त्या श्रमिकांच्या, दाटीवाटीच्या वस्त्या होत्या. गोवर कोठे मारतो हे इलेशाने साठ वर्षांपूर्वी सांगितले होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. इमेसीत जे दिसले त्यावरून इलेशात आणि आसपासच्या गावांत एक नवा दवाखाना आकाराला आला. त्याचे नाव 'पाच वर्षांखालील मुलांचा दवाखाना'. त्याचे नियम साधे होते. दार एकच. मूल आजारी असो वा धडधाकट, त्याच दाराने यायचे. रांगेत परिचारिका आधी नजर फिरवी आणि अत्यवस्थ मूल पुढे घेई. मग प्रत्येक मुलाचे वजन. मग परिचारिका त्याला तपासी, औषध तेथल्या तेथे देई, राहिलेली लस त्याच फेरीत टोचली जाई, आणि खाण्याविषयी दोन शब्द होत. पेजेत शेंगदाण्याचे कूट घाल, चवळी शिजवून घाल. जे बाजारात ती स्वतः विकते तेच मुलाच्या वाटीत घालायचे. फुकटची दुधाची पावडर वाटून आईला परावलंबी करायचे नाही. डॉक्टरकडे जायचे ते फक्त परिचारिकेला कठीण वाटलेल्या मुलाने.

यातील एक एक नियम त्या काळच्या वैद्यकाला झोंबणारा होता. परिचारिकेने रोग ओळखायचा आणि औषध द्यायचे? पण हजारो मुलांमागे एक डॉक्टर असलेल्या मुलखात दुसरा मार्ग कोणता? या परिचारिकांपैकी पुष्कळ जणी तेथल्याच, योरुबा बोलणाऱ्या. आईची भाषा त्यांना कळे, अबिकूची भीती कळे. परक्या डॉक्टरपुढे मान खाली घालणारी आई त्यांच्याशी भांडू शके. आणि जिथे माणूस भांडू शकतो तिथेच तो शिकतोही, हा आमचा संघटनेतला अनुभव आहे.

आणि मग ते कार्ड. मुलांची वजने लिहून ठेवण्याची रीत युरोपात जुनी होती. नवे होते ते दोन. पहिले म्हणजे वजन आकड्यांत न ठेवता रेघेत ठेवले. कार्डावर खाली महिन्यांचे चौकोन. पहिला चौकोन मुलाच्या जन्ममहिन्याचा, त्यामुळे वय मोजत बसायला नको. वर दोन वळणदार रेषा, आणि त्या दोन रेषांमधली जी पट्टी तिला मॉर्ले यांनी 'आरोग्याची वाट' म्हटले. वरची रेषा चांगल्या पोसलेल्या मुलग्यांच्या मध्यम वजनाची, खालची लहानखुऱ्या मुलींची. मूल वाटेच्या कोणत्या भागात आहे याला फार महत्त्व नाही. त्याची रेघ कोणत्या दिशेने जाते आहे याला आहे. रेघ चढते आहे तोवर चिंता नाही. सपाट झाली की विचारपूस करायची. उतरली की धावायचे. सुजलेले, सुकलेले मूल आंधळ्यालाही कळते. पण सुकण्याच्या तीन महिने आधी थबकलेली रेघ फक्त या कार्डावर दिसते. पश्चिम नायजेरियाच्या प्रादेशिक सरकारने ओबाफेमी आवोलोवो यांच्या नेतृत्वाखाली १९५५ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले होते, पण आयांची पिढी त्या शाळांत गेलेली नव्हती. अक्षर न येणाऱ्या बाईलाही चढण आणि उतार वाचता येतो. रोज डोंगर चढणारीला तर अधिकच.

कार्डावर एक चौकट आणखी होती : या मुलाकडे विशेष लक्ष देण्याची कारणे. जन्माचे वजन कमी, आधीची भावंडे गेलेली, आई किंवा वडील नाहीत, फार मुलांनंतरचे मूल, आणि जुळे. योरुबा लोकांत जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त मानले जाते. जुळ्यांपैकी एक गेले तर त्याची लाकडी मूर्ती करून तिला न्हाऊमाखू घालण्याची त्यांची जुनी चाल आहे. जी घरे मूर्तीला भरवीत होती, त्या घरांतले जिवंत मूल आधी पाहा, असे ती चौकट परिचारिकेला सांगत होती.

नवी गोष्ट दुसरी, आणि आमच्या मते मोठी, ही की कार्ड इस्पितळाच्या दप्तरात न ठेवता आईच्या हाती दिले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते घरी न्यायचे आणि येताना आणायचे. जाणत्या लोकांनी मान हलवली. खेड्यातल्या अडाणी बायका कार्डे हरवतील, मुले फाडतील! घडले उलटेच. आयांनी कार्डे जपली. हरवण्याच्या बाबतीत इस्पितळांची दप्तरेच पुढे निघाली. यात नवल ते काय? ज्या बायकांनी मुलामागून मूल मातीत घातले, त्यांना मुलाची वाट दाखवणारा कागद मिळाला, तर त्या तो जपणार नाहीत? शिवाय कार्ड हाती असल्याने आई कोणत्याही दवाखान्यात गेली तरी मुलाचा इतिहास तिच्याबरोबर जाई. तिला 'मागच्या वेळी काय झाले होते?' असे कोणी दरडावून विचारू शकत नसे. कागदच बोले, आणि तो तिच्या बाजूने बोले.

याचा उपयोग झाला का? मॉर्ले १९६१ साली इंग्लंडला परतले, पण इमेसीचा दवाखाना परिचारिकांच्या बळावर चालू राहिला. पुढे निकोलस कनिंगहॅम या डॉक्टरांनी इमेसीची तुलना, असा दवाखाना नसलेल्या शेजारच्या गावाशी करून पाहिली. इमेसीतली लहान मुले शेजारच्या गावापेक्षा पुष्कळ कमी मरत होती. दोन्ही गावांची माती एक, पाऊस एक, गरिबी एक. फरक त्या एका दाराचा होता.

मॉर्ले यांनी लंडनच्या बाल-आरोग्य संस्थेत निरनिराळ्या देशांतल्या बालरोगाच्या शिक्षकांना शिकवले. १९६५ साली स्वस्त शिक्षणसाहित्य पुरवणारी एक संस्था काढली. मीठ-साखरेचे पाणी बनवण्यासाठी दोन टोकांचा चमचा, दंडाचा घेर मोजण्याची तीन रंगांची पट्टी, असल्या चार पैशांच्या वस्तूंचा त्यांनी प्रसार केला. ही दंडाची पट्टी बगदादचे डॉ. अदनान शाकीर यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या आशाताई आज तशीच पट्टी वापरतात. १९७३ साली मॉर्ले यांनी विकसनशील देशांतील बालकांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. १९८२ च्या सुमारास युनिसेफने बालकांचे प्राण वाचवण्याची जी मोहीम काढली, तिच्या चार कलमांत पहिले कलम वाढीवर देखरेख हे होते. मॉर्ले २००९ साली वारले.

ही वाट महाराष्ट्रातही आली. ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या कासा येथे १९७० नंतरच्या दशकात मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शाह यांनी आदिवासी पाड्यांवर मुलांची वजने करून कार्डावर नोंदण्याचे काम स्थानिक बायकांकरवी चालवले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर, बायकांना आरोग्याचे काम शिकवले, आणि १९७९ साली त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या दारात ताणकाटा टांगला गेला. झोळीत लोंबकळणारे, रडणारे मूल आणि खाली आकडा वाचणारी सेविका, हे दृश्य मग प्रत्येक गावाने पाहिले.

परंतु, श्रोतेहो, येथेच इतिहासाने एक वळण घेतले आणि ते आपण ध्यानात घेतले पाहिजे. इलेशात वजन हे संभाषणाचे निमित्त होते. काटा, रेघ आणि त्यानंतर आईशी बोलणे. योजना मोठी झाली तशी रेघ आईच्या कार्डावरून अंगणवाडीच्या रजिस्टरात गेली, रजिस्टरातून मासिक अहवालात गेली, आणि २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' नावाच्या ॲपमध्ये जाऊ लागली. वर बसलेल्या साहेबाला जिल्ह्यातील मुलांची वजने बसल्या जागी दिसू लागली. हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आईला काय दिसते? पुष्कळ घरांत लसींचे रकाने भरलेले आणि आलेखाचे पान कोरे, अशी कार्डे आम्ही स्वतः पाहिली आहेत. मुलाचे वजन झालेले असते, नोंदही झालेली असते. फक्त आईला ती माहीत नसते. केवळ वजने करून आणि रकाने भरून मूल वाढत नाही, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. त्यावरून काही तज्ज्ञ म्हणू लागले, की वजने करण्यातच अर्थ नाही. आम्हांला हा न्याय उलटा वाटतो. तराजू दोषी नाही. नोंद जिच्यासाठी होती तिच्याकडे ती पोचत नाही, हा दोष आहे.

यात सर्वांत अधिक भरडला जातो तो मजुराचा मुलगा. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचे मूल घ्या. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत, आणि ते मूल कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्याच्या फडात, कोपीत. सहा महिने त्याला कोण तोलणार? फडाजवळच्या दवाखान्यात ते गेलेच, तर त्याची मागची रेघ डॉक्टरला कोठे दिसणार? आईच्या गाठोड्यात भरलेले कार्ड असेल तर सगळे आहे. नसेल तर मूल कोरे आहे. ज्या मुलाची आई एका जागी स्थिर नाही, त्याची नोंदही आईबरोबरच चालली पाहिजे.

एक आक्षेप येईल. मिशनचे काम आणि त्याचे आपण गोडवे का गावे? औषधाबरोबर धर्म आलाच ना? आणि तो धर्म राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ आला ना? हा आक्षेप रास्त आहे. वसाहतीच्या सरकारने आपले कर्तव्य केले असते तर दूरदेशीच्या वर्गणीवर इलेशाची मुले जगवण्याची पाळी आली नसती. दयेवर चाललेले इस्पितळ दाता थकला की थकते. म्हणूनच पुढे जे घडले ते योग्यच घडले. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला आणि १९७५ साली हे इस्पितळ इफे येथील विद्यापीठाच्या वैद्यकीय संकुलात सामील करण्यात आले. दान होते ते सार्वजनिक झाले. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे कोणत्याही कामाला एकच कसोटी लावतो : या कामाने समोरचा माणूस अधिक मिंधा झाला की अधिक समर्थ? इलेशातल्या डॉक्टराने आपल्या हातातले एक एक काम दुसऱ्याच्या हाती दिले. तपासणे परिचारिकेच्या हाती, दवाखाना गावाच्या हाती आणि नोंद आईच्या हाती. ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याने ते सोडून देणे ही गोष्ट इतिहासात फार वेळा घडत नाही. जेथे घडते तेथे ते देणाऱ्याचा पंथ कोणता हे पाहून आपण तिच्याकडे पाठ फिरवू नये.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, आणि त्या पायांत राजयोग शोधतो. त्याऐवजी त्याचे वजन पाहावे. या सभागृहातून घरी जाल तेव्हा आपल्या नातवंडाचे, शेजारच्या मुलाचे, घरी कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाचे कार्ड मागून घ्या आणि आलेखाचे पान उघडा. रेघ असेल तर तिची दिशा पाहा. पान कोरे असेल तर अंगणवाडीत जाऊन सेविकेला विचारा, आणि विचारताना तिच्यावर रागावू नका. अल्प मानधनावर तिच्या माथी अनेक रजिस्टरे मारलेली आहेत. रागवायचेच असेल तर तिच्या हाताला मदतनीस, काट्याला दुरुस्ती आणि आईशी बोलायला वेळ देत नाहीत त्यांच्यावर रागवा, आणि त्यासाठी तिच्याबरोबर मोर्चात या. आता धोंडू-दगडूची नावे मागे पडली, हे आपल्या समाजाचे मोठे यश आहे. परंतु ज्या घरांत मूल राहील की जाईल ही धास्ती अजून उरली आहे, त्या घरांत ते कार्ड भरलेले, वाचलेले आणि आईच्या हातात असले पाहिजे.